आधी बाहेर, मग बाकी सगळं

(अग्निशमन सेवा सप्ताहात दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा संपादित मजकूर)



१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज उभं होतं. त्यात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकंही होती. दुपारी कापसाने पेट घेतला. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला आणि ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा झाला. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दिवशी कामी आले. १४ ते २० एप्रिल हा सप्ताह देशभर पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ, आणि आजचं व्याख्यानही त्यांच्याच स्मृतीला अर्पण केलेलं आहे.

अशा व्यासपीठावरून शौर्याच्या कथा ऐकायची आपल्याला सवय आहे. मी मात्र आज चार-पाच वर्षांच्या मुलांविषयी बोलणार आहे, आणि त्याचं कारण या ६६ जणांशीच जोडलेलं आहे. पेटलेल्या इमारतीपाशी पोहोचलेला जवान सगळ्यांत आधी विचारतो, ‘आत कोणी आहे का?’ ‘मूल राहिलंय’ असं उत्तर आलं की तो पुढचा विचार करत नाही, आत शिरतो. तेच मूल खाली, ठरलेल्या जागी, शेजारच्या काकूंचं बोट धरून उभं असेल तर एका वेळी दोन जीव वाचतात. म्हणून मुलांना आगीविषयी शिकवणं ही जवानांना वाहिलेली खरी आदरांजली आहे, असं मी मानतो.

आता प्रश्न असा, की शिकवायचं काय? बालवाडीतल्या मुलांना विचारून पाहा, ‘आग लागली तर काय करायचं?’ वर्गातून एकच उत्तर उसळतं: ‘पाणी टाकायचं!’ मुलांचा दोष नाही. पुस्तकातल्या चित्रात लाल बंब असतो, शिडी असते, पाण्याचा फवारा असतो. स्नेहसंमेलनात कोणीतरी पिवळं हेल्मेट घालून फायरमन होतं. म्हणजे आपण मुलांना आगीशी लढायचं चित्र देतो. तीन ते आठ या वयाच्या मुलाने आगीशी लढायचंच नाही. त्याने निघून यायचं आणि सांगायचं. हे दोन शब्द पक्के झाले तर पुष्कळ झालं, पण ते पक्के करणं वाटतं तेवढं सोपं नाही.

लहान मूल आगीसमोर कसं वागतं ते आधी पाहू. आपल्याला वाटतं, ते किंचाळेल आणि पळेल. पुष्कळदा ते तसं करत नाही. ते लपतं. पलंगाखाली, कपाटात, पडद्यामागे, गोधडीत, न्हाणीघरात. जगभरातल्या अग्निशमन दलांना हे ठाऊक आहे. म्हणून धुराने भरलेल्या घरात मुलाचा शोध घेताना पलंगाखाली आणि कपाटात हात घालून चाचपायला जवानांना शिकवतात. मुलाच्या बाजूने पाहिलं तर यात विचित्र काही नाही. मला ती आग दिसत नाही, म्हणजे तिलाही मी दिसत नाही. लपंडाव खेळणाऱ्या वयाचं हे सरळ तर्कशास्त्र आहे. धूर मात्र दाराच्या फटीतूनही आत येतो.

लपण्याचं दुसरं कारण अधिक बोचरं आहे. काही वेळा आग त्या मुलाच्याच हातून लागलेली असते. काडेपेटी सापडली, एक काडी ओढून पाहिली, पडद्याचं टोक पेटलं. त्या क्षणी त्याच्या डोक्यात आग दुसऱ्या नंबरवर असते. पहिल्या नंबरवर असतो बाबांचा हात. ‘काडेपेटीला हात लावलास तर बघ’ हे वाक्य त्याने शंभरदा ऐकलेलं असतं. म्हणून ते कोणाला सांगत नाही. दार लावून घेतं, कोपऱ्यात बसतं. आगीच्या सुरुवातीची ती दोन मिनिटं, ज्यांत एखाद्या मोठ्या माणसाने ओल्या पोत्याने ती विझवली असती, माराच्या धास्तीत निघून जातात.

माझं आजचं म्हणणं इथेच आहे, ते आधी सांगून टाकतो. लहान मुलाची अग्निसुरक्षा आगीच्या भीतीवर उभी राहत नाही. आपल्या माणसाला काहीही सांगता येतं, या खात्रीवर ती उभी राहते. ज्या घरात मूल दुधाचा पेला फुटला तर लपवून ठेवतं, त्या घरात ते पेटलेला पडदाही लपवून ठेवेल. तेव्हा पहिला धडा असा: ‘काडेपेटी किंवा लायटर दिसला तर हात लावायचा नाही, येऊन सांगायचं. आणि हात लावलाच असेल, काही पेटलं असेल, तरीही आधी येऊन सांगायचं. मी रागावणार नाही.’ शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं आहे, आणि ते पाळणं सगळ्यांत कठीण. मूल काडेपेटी आणून हातात देतं तेव्हा ‘तू तिथे गेलासच कशाला?’ असं आपण म्हणालो, की धडा संपला. पुढच्या वेळी ते सांगणार नाही.

आता खऱ्या धोक्यांकडे वळू. अग्निसुरक्षा म्हटलं की डोळ्यांसमोर ज्वाळा येतात. पाच वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत मात्र सर्वाधिक इजा गरम पाणी, चहा, डाळ, दूध अंगावर सांडून होतात. आपल्या घरांत आंघोळीचं कढत पाणी बादलीत काढून ती बादली न्हाणीघराच्या जमिनीवर ठेवतात आणि मग थंड पाण्याचा नळ सोडतात. मधल्या क्षणात मूल त्यात हात घालतं किंवा मागे सरकताना त्यात बसतं. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी साधारण पाच सेकंदांत खोलवर भाजते. मुलाची कातडी पातळ असते, तिला त्याहून कमी वेळ पुरतो. उपाय फुकटचा आहे: बादलीत आधी थंड पाणी, मग गरम. पाणी तापवायचा रॉड बादलीत सोडून खोलीबाहेर जायचं नाही. चहाचा कप टेबलक्लॉथच्या कडेला ठेवायचा नाही, कारण रांगतं मूल ते कापड ओढणारच. भांड्याची मूठ शेगडीच्या आतल्या बाजूला. यातलं काहीही मुलाला शिकवायचं नाही. हे आपलं काम आहे.

भाजल्यावरच्या उपचारात तर आपण हट्टी आहोत. टूथपेस्ट, हळद, दही, शाई, तूप, बटाट्याचा कीस, जे हाताशी लागेल ते लावतो. जखमेवर त्याचा थर बसतो, उष्णता आत कोंडते आणि डॉक्टरांना तो थर खरवडून काढावा लागतो, तेव्हा मूल दुसऱ्यांदा सोसतं. करायचं ते इतकंच: भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचा, बर्फ लावायचा नाही, फोड फोडायचे नाहीत, स्वच्छ कापड सैल झाकून दवाखाना गाठायचा. वीस मिनिटं म्हणजे पुष्कळ वेळ. घड्याळ लावूनच तो पाळता येतो. पाच वर्षांच्या मुलालाही ‘भाजलं की नळाखाली’ एवढं नक्की शिकवता येतं, आणि शिकवलेली मुलं ऐन वेळी आजीला अडवतात, हेही मी पाहिलेलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दर वर्षी सुमारे १,८०,००० माणसं भाजून मरतात आणि त्यांतली बहुतेक आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत असतात. एकट्या भारतात वर्षाला दहा लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर भाजतात. तेव्हा हा विषय वर्षातून एकदा सप्ताहापुरता आठवण्याचा नाही.

अमेरिकेत आणि युरोपात मुलांना आगीविषयी शिकवण्याचं उत्तम साहित्य आहे. ते जसंच्या तसं उचलून चालत नाही, कारण आपल्या मुलाच्या आयुष्यात जिवंत ज्योत रोज असते. सकाळी देवापुढे निरांजन, संध्याकाळी दिवा, उदबत्ती. वाढदिवसाला त्याला ओवाळतात तेव्हा ज्योत त्याच्या चेहऱ्यासमोरून फिरते. दिवाळीत पणत्यांच्या रांगा, फाल्गुनात होळी. गावाकडे चूल आहे, थंडीत शेकोटी आहे. अशा मुलाला ‘आग वाईट असते’ असं सांगितलं तर त्याला ते पटत नाही, कारण घरातली सगळ्यांत प्रेमाची माणसं तिला नमस्कार करतात. त्याला सांगायचं ते वेगळं: आग कामाची आहे, आणि ती मोठ्यांच्या हातातली वस्तू आहे. वरवंटा, सुरी, विळी यांच्या रांगेत तिलाही बसवायचं. आजी दिवा लावते तेव्हा मूल हातभर अंतरावर बसून पाहील, वात पुढे सरकवताना आजी कापडाचं टोक कसं सावरते ते पाहील. आदर शिकवायचा तो असा, रोजच्या सवयीतून.

दिवाळीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. फुलबाजी आपण सगळ्यांत निरुपद्रवी समजतो आणि म्हणून घरातल्या सगळ्यांत लहान मुलाच्या हातात देतो. ती जळते १,००० अंश सेल्सिअसच्या आसपास. विझल्यावरही तिची तार बराच वेळ तापलेली राहते आणि अंगणात टाकली की अनवाणी पाय तिच्यावर पडतो. म्हणून शेजारी पाण्याची बादली हवी आणि जळलेली प्रत्येक काडी थेट बादलीत जायला हवी. ‘काडी बादलीत’ हे काम मुलाला द्या, ते अभिमानाने करतं. आणि कपडे? सणाला आपण मुलींना घोळदार परकर, नायलॉनची झालर असलेला फ्रॉक घालतो. कृत्रिम धाग्याचं कापड वितळून कातडीला चिकटतं. सुती कापड त्या मानाने बरं, पण सैल आणि घोळदार असेल तर तेही क्षणात पेटतं. फटाक्यांच्या वेळी अंगाबरोबरचे सुती कपडे घाला. नवे कपडे सकाळी मिरवून झालेले असतात.

आता शिकवण्याच्या पद्धतीकडे येतो. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर वाढलं. लहान मूल हाताने, अंगाने, करून शिकतं, ही त्या सगळ्या कामाची बैठक होती. अग्निसुरक्षेच्या बाबतीत ती आपण नेमकी विसरतो. फळ्यावर पाच सूचना लिहितो, मुलं वहीत उतरवतात, चाचणीत लिहितात. विहिरीच्या काठावर बसून पोहण्याची कविता पाठ करावी तसंच हे आहे.

१९८१ साली जोन्स, कॅझ्डिन आणि हेनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तिसरीतल्या पाच मुलांसह एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. रात्री झोपेत असताना घरात आग लागली तर काय करायचं, याचे वेगवेगळे प्रसंग त्यांनी घेतले. मुलांना सांगितलं, करून दाखवलं, त्यांच्याकडून एकेक पायरी करून घेतली, चुकली तिथे लगेच सुधारली, जमली तिथे शाबासकी दिली. आधी मुलांना यातलं फारच थोडं करता येत होतं. सरावानंतर ती योग्य कृती करू लागली. अभ्यास लहान आहे, पण पुढे मुलांना सुरक्षितता शिकवणाऱ्या अनेकांनी हीच वाट धरली: सांगा, दाखवा, करून घ्या, सुधारा. आणि काही दिवसांनी पुन्हा करून घ्या, कारण सराव थांबला की मुलं विसरतात.

करून घ्यायचं काय, ते क्रमाने सांगतो.

पहिलं, धुराखालून रांगणं. आगीत माणसं ज्वाळांपेक्षा धुराने अधिक मरतात. गरम धूर वर चढतो, छताखाली साठतो आणि खाली उतरत येतो. जमिनीजवळची हवा त्या मानाने बरी असते. एक जुनी चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, मुलाच्या कमरेच्या उंचीवर. ती म्हणजे धूर. तिला डोकं न लावता मांजरीसारखं रांगत दारापर्यंत जायचं. मुलांना हा खेळ इतका आवडतो की थांबवावं लागतं.

दुसरं, कपडे पेटले तर थांब, आडवा हो, लोळ. तोंडावर दोन्ही हात. पळालं की वारा लागतो आणि ज्वाळा वाढतात, पण पेटलेल्या माणसाला पळावंसंच वाटतं. म्हणून हे अंगात मुरायला हवं. इथे एक सावधगिरी आहे. हा धडा इतका मजेदार असतो की मुलांना तोच लक्षात राहतो आणि ‘घरात धूर झाला तर?’ या प्रश्नालाही ती लोळायला लागतात. शिकवताना दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवा. कपड्याला आग, तर लोळ. खोलीत धूर, तर रांग. आपला ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ यासाठी जणू तयारच आहे. शिवाजी म्हणतो धूर, शिवाजी म्हणतो फ्रॉक पेटला, शिवाजी म्हणतो घंटा झाली. जो गोंधळेल तो बाद होत नाही, तो पुन्हा करतो, एवढाच नियम बदलायचा.

तिसरं, बाहेर आणि परत नाही. मूल बाहेर येतं आणि मग त्याला मांजराचं पिल्लू आठवतं, बाहुली आठवते, दप्तर आठवतं. ‘आत काही राहिलं तर मोठ्या माणसाला सांग, तू जायचं नाही’ हे वारंवार सांगावं लागतं. जपानच्या शाळांत चार नियम मुलांना तोंडपाठ असतात: ढकलायचं नाही, धावायचं नाही, बोलायचं नाही, परत फिरायचं नाही. चार शब्दांच्या आद्याक्षरांचा ‘ओ-का-शि-मो’ असा मंत्र करून बालवाडीपासून तो घोटून घेतात.

चौथं, ठरलेली जागा. बाहेर पडल्यावर सगळ्यांनी एकाच ठिकाणी जमायचं. आपल्याकडे डोंगराला आग लागल्याची आरोळी ठोकून पळायचा एक जुना खेळ आहे. त्यात मुलं गोल धावतात आणि पुढाऱ्याने आकडा सांगितला की तेवढ्यांचे गट करून उभी राहतात. त्यातलं धावणं आपल्याला नको, पण शेवटचं मोजून उभं राहणं अगदी हवं तेच आहे. मैदानातल्या झाडाखाली, हजेरीपट हातात घेऊन बाई मोजतात, आकडा जुळतो. जवान आल्यावर ‘सगळी बाहेर आहेत’ हे खात्रीने सांगता येतं ते या मोजणीमुळे.

पाचवं, जवानाची ओळख. धुरात शिरलेला जवान मुलाला माणूस वाटत नाही. काळा मुखवटा, पाठीवर नळकांडं, श्वासाचा घर्रर्र आवाज. त्याला पाहून मूल आणखी आत सरकतं. इथे बसलेल्या जवानांना माझी विनंती आहे. शाळेत याल तेव्हा सगळा पोशाख घालून दिमाखात येऊ नका. साध्या कपड्यांत या, मुलांसमोर एकेक वस्तू चढवा, मुखवटा शेवटी लावा आणि लावलेला असतानाच मुलांची नावं घ्या. मग गुडघ्यांवर बसून त्यांना हात द्या. ‘हा काका मला न्यायला येतो, मी लपायचं नाही, हाक मारायची’ हे ज्ञान एखाद्या मुलाचा जीव वाचवेल.

सहावं, फोन आणि पत्ता. अग्निशमन दलाचा १०१, सर्व आपत्तींसाठी ११२. नंबर सांगणं सोपं, पण पुढचा प्रश्न येतो ‘कुठून बोलतोयस?’ आणि मूल सांगतं ‘घरून’. सहा-सात वर्षांच्या मुलाला आपलं नाव, इमारतीचं किंवा वाडीचं नाव आणि जवळची एखादी ठळक खूण सांगता यायला हवी. फोन बाहेर पडल्यावर करायचा, आधी नाही, हेही त्याच धड्यात.

आणि गॅस. देशभरात उज्ज्वला योजनेमुळे २०१६ नंतर अनेक घरांत पहिल्यांदाच सिलिंडर आला. त्या घरांतल्या मुलांना चूल ठाऊक असते, गॅस नसतो. हा वायू हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो, आणि गळती कळावी म्हणून त्याला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. मुलाला शिकवायचं ते एका ओळीत: तो वास आला की कुठलंही बटण दाबायचं नाही, बाहेर जायचं आणि सांगायचं. रेग्युलेटर बंद करणं, खिडक्या उघडणं, १९०६ ला फोन करणं हे मोठ्यांनी.

इथवर मुलांचा भाग झाला. आता आपला.

१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या एका शाळेत मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरात आग लागली, ती झावळ्यांच्या छपरापर्यंत पोहोचली आणि वरच्या मजल्यावरची ९४ मुलं गेली. जिना अरुंद होता. त्याआधी २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातल्या डबवाली इथे शाळेच्या स्नेहसंमेलनात कृत्रिम कापडाचा मांडव पेटला आणि ४०० हून अधिक माणसं गेली, त्यांत मोठ्या संख्येने मुलं होती. बाहेर पडायला वापरता येईल असा एकच दरवाजा होता. २४ मे २०१९ रोजी सुरतेत शिकवणीच्या वर्गाला आग लागली, जिना धुराने भरला आणि विद्यार्थ्यांनी वरच्या मजल्यावरून उड्या टाकल्या. २२ जीव गेले. आणि आपल्या महाराष्ट्रात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षात लागलेल्या आगीत दहा बाळं दगावली. त्या बाळांना आपण काय शिकवणार होतो?

रांगायला शिकवलेलं मूल कुलूपबंद दारापाशी रांगत पोहोचलं तर आपण त्याला फसवलेलं असतं. कुंभकोणमनंतर चाललेल्या खटल्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतो. शाळांत आग विझवण्याची साधनं हवीत आणि कर्मचाऱ्यांना ती वापरण्याचं प्रशिक्षण हवं. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा कायदा आहे. कागद पुरेसे आहेत. जिन्याखाली मात्र मोडकी बाकं, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि मीटरचा बोर्ड एकाच ठिकाणी सुखाने नांदत असतात.

घरंही वेगळी नाहीत. चोर येऊ नये म्हणून खिडकीला लोखंडी ग्रिल, गॅलरीला ग्रिल, दाराला आणखी एक जाळीचं दार. मूल पडू नये म्हणूनही ते हवंच. पण त्या ग्रिलला आतून उघडणारी एक झडप हवी आणि तिची किल्ली जवळच, मोठ्यांना अंधारातही सापडेल अशी हवी. जिन्यात सायकली, चपलांचं कपाट, चार्जिंगला लावलेली दुचाकी नको. फोमच्या गाद्या, सोफा, प्लास्टिक यांनी भरलेली आजची खोली पूर्ण पेटायला पाचेक मिनिटं पुरतात. त्या पाच मिनिटांत किल्ली शोधायला वेळ नसतो. लिफ्ट वापरायची नाही. जिना धुराने भरला असेल तर घरात परत यायचं, दार लावायचं, खालची फट ओल्या कापडाने बुजवायची आणि खिडकीत उभं राहून हाका मारायच्या. आणि एक गोष्ट आजच जेवताना ठरवून टाका: रात्री आग लागली तर कोणी कोणाला उचलायचं. ‘तू घेतलं असशील असं वाटलं’ हे वाक्य कोणत्याही आईबापाच्या तोंडी येऊ नये.

अंगणवाडीचा वेगळा विचार करायला हवा. एक सेविका, एक मदतनीस आणि तीन ते सहा वर्षांची वीस-तीस मुलं. प्रत्येकाला उचलणं अशक्य. त्यावर उपाय आहे: जुन्या साडीची वेणी घाला, तिला हातभर अंतरावर गाठी मारा. एकेक मूल एकेक गाठ धरतं आणि सगळी माळ सेविकेमागे बाहेर पडते. ही माळ रोज मैदानात जाताना वापरली की आगीच्या दिवशी ती नवी वाटत नाही. शिजवण्याची जागा आणि मुलांची बाहेर पडायची वाट एक असू नये, ही मात्र इमारतीची गोष्ट आहे आणि ती ग्रामपंचायतीने पाहायची आहे.

शाळांमधल्या मॉक ड्रिलबद्दल थोडं कडक बोलतो. पाहुणे येतात, फोटोग्राफर येतो, परिपाठानंतर बरोबर दहाला घंटा होते, मुलं ओळीने बाहेर पडतात, टाळ्या. त्या ओळी सुंदर असतात आणि त्यांचा उपयोग थोडा असतो. आग परिपाठानंतर लागेलच असं नाही. मधल्या सुट्टीत सराव घ्या, मुलं डबा खात असताना. पावसात घ्या. नेहमीचा जिना बंद आहे असं समजून घ्या. बाई रजेवर असताना, बदली शिक्षकांबरोबर घ्या. पायाने अधू असलेल्या मुलाला कोण नेणार, ऐकू न येणाऱ्या मुलाला घंटा कशी कळणार, हे त्या सरावात कळतं, अहवालात कळत नाही. पण लहान मुलांना न सांगता घाबरवू नका. ‘आज केव्हातरी घंटा होणार आहे, ती खेळाची आहे’ असं सकाळी सांगा. दचकवलेलं मूल फक्त दचकायला शिकतं.

काही पालक विचारतात, ‘इतक्या लहान वयात मुलांच्या मनात कशाला भीती घालायची?’ त्यांची काळजी मला समजते. माझा अनुभव उलट आहे. ज्याला काय करायचं ते ठाऊक नाही, तेच मूल दिव्याच्या ज्योतीपासून वाऱ्याने आपटलेल्या दारापर्यंत सगळ्याला घाबरतं. ज्याने चादरीखालून रांगून पाहिलं, ज्याने मुखवटा घातलेल्या काकांचा हात धरला, त्याची भीती आवाक्यात आलेली असते. जळलेल्या माणसांची छायाचित्रं, भयंकर चित्रफिती, बातम्यांतली दृश्यं त्याला दाखवायची गरज नाही. ती आपल्यासाठी आहेत, कारण आळस आपण करतो.

तेव्हा उद्या शाळेत गेल्यावर मुलांना काही शिकवण्याआधी एक प्रश्न मुख्याध्यापकांना विचारा: मागच्या दाराची किल्ली कुठे आहे? उत्तर देताना त्यांना टेबलाचा ड्रॉवर उघडावा लागला, तर मुलांचा तास पुढे ढकला आणि आधी ते कुलूप काढा.